चार वितींचं कपाळ

हुपरीकर सरांनी माझ्या शीटवर पेन्सिल टेकवली, आणि मी माझी पेन्सिल त्यांच्या हाताच्या पाठीत खुपसली.

टू एच होती. कडक, ब्लेडनं इंचभर टोक काढलेली. टोक आतच मोडलं. सर ओरडले नाहीत, नुसतं "अगं!" म्हणाले आणि हात झटकला. रक्ताचा एक थेंब माझ्या चित्रातल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर पडला. तो गुडघा चुकला होता. तोच दुरुस्त करायला सर वाकले होते.

चित्रकलेच्या कॉलेजात जे गेले नाहीत त्यांना सांगायला हवं. तिथं करेक्शन नावाचा प्रकार असतो. सर फिरत फिरत तुमच्या मागे येतात आणि "ऊठ" म्हणतात. तुम्ही डाँकीवरून, म्हणजे त्या लाकडी बाकड्यावरून, उठायचं. सर तुमच्या जागी बसतात आणि तुमच्याच कागदावर, तुमच्याच रेषेवर आपली रेषा मारतात. पोरं वर "थँक्यू सर" म्हणतात. मला ते पहिल्या दिवसापासून सहन झालं नव्हतं. माझ्या ताटात कुणी हात घालावा असं वाटायचं.

"मी उठणार नाही," मी त्या दिवशी म्हणाले होते. "चूक असेल ती तोंडानं सांगा."

"गुडघा तोंडानं कसा सांगू, मगदूम?" सर हसून म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून वाकले. पुढचं सांगितलंच.

साल सत्त्याऐंशी. कोल्हापूरच्या बाजूचं आमचं तालुक्याचं गाव, आणि ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर भरणारं आमचं कॉलेज. प्राचार्यांनी माझ्या वडिलांना, अप्पांना, पिठाच्या गिरणीतून बोलावून घेतलं. अप्पा पिठानं पांढरे झालेले तसेच आले, सगळं ऐकून घेतलं आणि प्राचार्यांच्या देखत माझ्या कानाखाली वाजवली. मी रडले नाही. अप्पांच्या पाच बोटांचं पीठ माझ्या गालावर उमटलं ते मी तसंच ठेवलं.

"हिला काढू नका," हाताला रुमाल बांधून बसलेले सर म्हणाले. "हिला मी शिक्षा देतो. मगदूम, दोन महिने चित्र काढायचं नाही. गावात फिर. हातानं काहीतरी घडवणारी दहा माणसं शोध. चित्रकार असोत, डिझायनर असोत, कुणीही. त्यांच्याजवळ जाऊन बस आणि प्रत्येकावर एकेक पान लिही. चांगलं-वाईट ठरवायचं नाही. बघून तुला काय झालं, एवढंच लिहायचं."

मी शंभर पानी वही घेतली आणि सोबत एक लाल पेन घेतलं. त्या लाल पेनातच माझा सगळा स्वभाव होता.

लग्नपत्रिकांची डिझाईनं काढणारे पेंढारकर: "यांच्या गणपतीला पोटदुखी झालेली दिसते." साडीच्या काठाचं डिझाईन आलेख कागदावर भरणारे तेली: "मोर चौकोनी आहे. हा मोर नव्हे, जिना आहे." तेलींनी मला दोनदा समजावलं होतं, की मागावर धागा उभा-आडवाच जातो, जिना काढला तरच कापडावर मोर उतरतो. मी ऐकलंच नाही. पुतळे घडवणाऱ्या शिल्पकारांच्या घोड्याला मी वहीत कुत्र्याचे पाय बहाल केले. पैंजणांचे साचे करणाऱ्या सोनाराला तर तोंडावरच सांगितलं की तुमचं एक घुंगरू दुसऱ्यासारखं नाही. त्यानं मला दुकानातून हाकललं.

सर पान वाचायचे आणि खाली फक्त तारीख टाकायचे. त्यांच्या हातावर आता खपली धरली होती, आणि खपलीखाली शिशाचा निळा ठिपका कायमचा बसला होता. एकदाच त्यांनी विचारलं, "या पानांत तू कुठे आहेस?"

"मी बरोबर आहे," मी म्हणाले. "तिथेच आहे."

दहावं नाव केरबा पेंटरचं होतं.

गावातल्या निम्म्या पाट्या केरबामामांच्या हातच्या. स्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये ते एकटे काम करायचे. साठीचे, काटकुळे, बोलायला महाग. मी गेले तेव्हा शेडमध्ये बारा फुटी बोर्ड भिंतीला टेकवून उभा होता आणि त्यावर संपतचा चेहरा निम्मा झाला होता.

संपत म्हणजे तालमीचा संपत. आठवड्यापूर्वी भर बाजारात, मिरवणुकीत पुढं कुणी नाचायचं या जुन्या भांडणावरून, खालच्या गल्लीच्या पोरांनी त्याला कोयत्यानं तोडला होता. मी तेव्हा बाजारात भाजी घेत होते. माणसाच्या मानेतून येणारा तो आवाज मी ऐकला आहे. तेव्हापासून गाव दबकून वावरत होतं. संपतचा थोरला भाऊ हिंदुराव गाडीला लोखंडी गज बांधून फिरायचा. दहाव्याला चौकात संपतचा बोर्ड लागणार होता, तालमीच्या गच्चीवर, तीस फुटांवर.

मी तीन दिवस जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी चेहरा पुरा झाला आणि मला राहवेना.

"मामा, कपाळ मोठं झालंय."

"आसू दे."

"चार वितींचं आहे. मी मोजलं. नाक तीन वितींचं आणि हनुवटीपर्यंत तीन. हे तिन्ही भाग सारखे असतात."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"मग पुस्तकात बराबर आसंल," मामा म्हणाले आणि मिशीचा शेवटचा केस ओढून ब्रश पुसायला लागले. "मी जेवून येतो. पोरं तीनला येतील बोर्ड न्यायला. तवर कुत्रं आत येऊ दिऊ नको."

ते गेले. मी वहीत लिहिलं: "केरबा पेंटर. कपाळ चुकलं आहे. डोळे फार उघडे आहेत. सांगूनही ऐकत नाहीत." तेवढं लिहून गप्प बसायला हवं होतं. पण समोर तो चेहरा होता, आणि तो चुकलेला होता, आणि काळ्या रंगाचा डबा उघडा होता. खरं सांगते, मला मामांची दया आली. संध्याकाळी अख्खं गाव हसेल, म्हाताऱ्याची अब्रू जाईल, असं वाटलं. मी स्टुलावर चढले. केस वीतभर खाली आणले. पापण्या खाली ओढल्या. अर्ध्या तासात तिन्ही भाग सारखे झाले. लांब जाऊन पाहिलं. संपत शेडमध्ये माझ्यासमोर हुबेहूब उभा होता. इतका आनंद मला त्या वर्षात झाला नव्हता.

पोरं अडीचलाच आली. रंग ओला म्हणून बोर्ड आडवा केला, चेहरा आभाळाकडे, आणि डोक्यावर घेऊन गेली. मामा जेवून आले तोवर बोर्ड गच्चीवर चढला होता आणि वरून पांढरा पडदा सोडला होता.

संध्याकाळी सगळा चौक भरला. चौक म्हणायचा, पण गल्ली अशी अरुंद की मान मागे टाकल्याशिवाय वरचं काही दिसत नसे. मामा पुढं उभे होते, धुतलेल्या सदऱ्यात. मी पानपट्टीच्या कठड्याला टेकून होते. हिंदुरावानं दोरी ओढली. पडदा पडला.

वर संपत नव्हता. कपाळ नसलेला, डोळे बारीक, जबडा पुढं आलेला कुणीतरी माणूस वरून वाकून बघत होता. माकड वाटावं असं ते तोंड होतं. गर्दीत मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्यानं घात केला.

"पेंटर!" हिंदुराव ओरडला. "ह्ये काय काढलंईस?"

मामांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान खाली आणून ते गर्दीत कुणाला तरी शोधायला लागले. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मला वाटलं, आता बोट दाखवणार. त्यांनी नजर काढून घेतली.

"माझ्याच हातचं हाय," ते म्हणाले.

"खालच्या गल्लीचा माणूस हाईस तू! मेल्यावर बी हसं करतोस माझ्या भावाचं?"

पहिली लाथ पोटात बसली. मामा दुमडले. मग चार-सहाजण तुटून पडले. शिडीची मोडकी पायरी कुणाच्या तरी हातात आली, तिनं पाठीवर मारलं. धुतलेला सदरा उभा फाटला. एकजण केस धरून त्यांचं तोंड वर करत होता, "बघ, बघ काय काढलंस," आणि दुसरा त्या तोंडावर मारत होता. मामांचा एक दात तालमीच्या पायरीवर पडलेला मी पाहिला. कुणी मधे पडलं नाही. मीही पडले नाही.

"थांबा," हिंदुराव म्हणाला. सगळे थांबले. त्यानं बांधकामाच्या ढिगातली वीट उचलली. "कुठल्या हातानं काढलंस? त्यो हात दाव."

मामांनी उजवा हात पुढं केला. आपण होऊन केला. दोघांनी तो पायरीच्या दगडावर दाबून धरला आणि हिंदुरावानं वीट घातली. एकदा नाही, तीनदा. मामा पहिल्या वेळेस ओरडले, नंतर नाही. माझ्या तोंडात माझीच मूठ होती. 'मी केलं,' हे दोन शब्द. ते मला बोलता आले नाहीत. मी भ्याले होते, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेले. मामांचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, एक डोळा मिटलेला. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "वाचा. आणि मला मारा."

"वाचाय येत न्हाई मला," मामा म्हणाले. "अक्षरं निस्ती काढाय येत्यात. तूच वाच."

मी वाचलं. कपाळ चुकलं आहे. सांगूनही ऐकत नाहीत. मामा ऐकत राहिले.

"चित्र बघताना तू कुठं हुतीस?"

"शेडमध्ये. समोर."

"आन् संपतची आई कुठं उभी ऱ्हानार?"

मी वर बघणारी ती गर्दी आठवली, त्यांच्या मागे पडलेल्या माना आठवल्या. तीस फुटांवरचं कपाळ खालून दबतं. वरचं जितकं वर, तितकं ते आखूड दिसतं. म्हणून चार विती. इतकं साधं होतं. मी वही मिटली.

"माझं नाव का नाही सांगितलं?"

"सांगितलं आसतं तर तुझा हात ठेचला आसता. माझा चाळीस वर्सं चालला. तुजा अजून चालायचाय." मग ते उठून बसले. "तेराव्याला त्याची आई, आक्का, घराबाहिर पडणार हाय. संपत गेल्यापास्नं ती उंबऱ्याभाईर आली न्हाई. तवर बोर्ड नीट व्हाय पायजे. ब्रश तू धरायचास."

बोर्ड शेडमध्ये परत आला आणि दोन दिवस मी ते कपाळ रंगवलं. माझा हात दर मिनिटाला बंड करायचा. नकळत केस खाली यायचे, पापण्या खाली यायच्या. मामा बाजूला बसून डाव्या हातातली फूटपट्टी माझ्या बोटांवर उभी हाणायचे. "वर! समोर बगू नको, खालनं बग!" बोटं सुजली, नखाखाली रक्त साकळलं. प्रत्येक फटक्याला मी मनात सरांच्या हाताची आठवण काढली. दुसऱ्या दिवशी रात्री समोर एक लांबट, विद्रूप चेहरा तयार झाला. माझ्या डोळ्यांना तो साफ चूक दिसत होता. मी एका रेषेलाही हात लावला नाही.

तेराव्याला सकाळीच चौक भरला. आक्काला दोघींनी धरून आणलं. तिनं पदर सावरला, मान मागे टाकली. पडदा पडला.

कुणी हसलं नाही. वरून संपत बघत होता. रुंद कपाळाचा, थोडा मिश्कील, अगदी तालमीच्या दारात उभा राहायचा तसा.

"आला," आक्का म्हणाली. एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली.

हिंदुरावाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो मामांजवळ आला आणि प्लास्टरच्या हातावर त्यानं स्वतःचा हात ठेवला. "झ्याक झालाय, पेंटर. मग त्या दिशी काय धाड भरली हुती?"

सगळा चौक ऐकत होता. दुकानदार, मंडळवाले, ज्यांच्या पाट्या मामांनी रंगवल्या ते सगळे. मामांनी एकदा घसा खाकरला.

"वय झालं, हिंदुराव. नजर गेली माझी."

मला ते वाक्य विटेपेक्षा जड लागलं. हात जुळून आला असता, डावा शिकला असता. पण नजर गेलेल्या पेंटरला गावात कोण पाटी देणार? माझ्यासाठी मामा भर चौकात स्वतःचा धंदा, स्वतःचं नाव पुसून टाकत होते. आणि मी पुन्हा त्याच कठड्याला टेकून होते.

"खोटं आहे ते," मी म्हणाले. मी पुढं झाले. "त्यांची नजर शाबूत आहे. चित्र बरोबरच होतं. ते जेवायला गेले तेव्हा मी खोडलं."

"कोण गं तू?"

"कुंदा मगदूम. गिरणीवाल्यांची."

"पोरी, गप!" मामा ओरडले.

हिंदुरावाचा हात कुठून आला ते मला दिसलंच नाही. डाव्या कानावर बसला. आत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, आणि त्या कानानं मी ऐकलेला तो शेवटचा आवाज. मी पायरीवर पडले. मानेवरून गरम रक्त उतरत होतं. दुसरा तडाखा तोंडावर, तिसरी लाथ बरगडीत. मग त्यानं मला दंडाला धरून उठवलं, आणि त्याच्या दुसऱ्या हातात तीच वीट होती की दुसरी, ते माहीत नाही.

"हात दाव."

मी उजवा हात पुढं केला. त्याच दगडावर ठेवला, मामांच्या रक्ताचा डाग होता तिथंच. धरायला कुणी लागलं नाही. मला वाटलं, हे बरोबर आहे. हे चुकलेलं नाही.

"हिंदुराव." आक्का बसल्या जागेवरून बोलली. आवाज मोठा नव्हता. "वर बघ."

त्यानं बघितलं नाही.

"वर बघ म्हणते. त्यो बघतोय. त्याच्या डोळ्यांदेखत घालणार हाईस?"

हिंदुरावानं मान वर केली. मीही केली. तीस फुटांवरून संपत आम्हा दोघांकडे बघत होता. खाली कुठंही उभं राहिलं तरी तो आपल्याकडेच बघतोय असं वाटेल, असे डोळे मामांनी माझ्याकडून काढून घेतले होते. हिंदुरावाचा हात बराच वेळ वर राहिला. मग वीट त्याच्या हातातून सुटून माझ्या बोटांशेजारी पडली आणि तिचे दोन तुकडे झाले.

मामा माझ्याजवळ येऊन बसले. फाटक्या ओठानं काहीतरी बोलले. मी उजवा कान पुढं केला.

"येडी हाईस," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं माझ्या मानेवरचं रक्त आपल्या सदऱ्याच्या बाहीला पुसलं.

पंधरा दिवसांनी वही सरांना दिली. दहाव्या पानावरचं लाल पेनानं खोडून खाली एकच ओळ लिहिली होती: "मी कुठून बघते ते मला माहीत नव्हतं." सरांनी तारीख टाकली नाही. वही मिटली आणि "सोमवारी वर्गात ये," एवढंच म्हणाले.

सोमवारी तोच म्हातारा मॉडेल बसला होता. मी काढत होते. गुडघा पुन्हा चुकत होता, मला दिसत होतं, पण कुठं ते सापडत नव्हतं. सर डाव्या बाजूनं आले आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. शेजारून फक्त त्यांचा हात पुढं आलेला दिसला, पाठीवर निळा ठिपका असलेला. हातात पेन्सिल होती. ती कागदाला टेकली नव्हती, वीतभर वर थांबली होती.

मी डाँकीवरून उठले.

"बसा, सर," मी म्हणाले, आणि ते गुडघ्याचं काय करतात ते बघायला त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.